उत्तर काठावरची पायवाट

स्कॉटलंडमधली ती दरी मी दोनदा पाहिली. एकदा सिंगापुरातल्या क्लेमेंटीत अकराव्या मजल्यावरच्या आमच्या जेवणाच्या टेबलावर, वडिलांच्या बोटाखाली, आणि एकदा प्रत्यक्ष. टेबलावर पाहिली ती जास्त खरी होती. हे वाक्य एखाद्या समारंभात टाळ्या घेईल असं आहे, म्हणून मला त्याचा संशय येतो. पण दुसरं सुचत नाही.

आई गेल्यावर बाबा पुण्यातला फ्लॅट बंद करून आमच्याकडे सिंगापूरला आले. त्यांच्या इथे राहायच्या पासवर 'व्हिजिट' असा शब्द होता आणि तो त्यांनी मनावर घेतला होता. फ्रिज उघडायचा तरी आधी विचारत. सकाळी साडेसहाला चालायला निघत आणि आम्ही ऑफिसला निघून गेल्यावर परत येत, म्हणजे बाथरूमवरून कुणाची अडचण नको.

मलेशियाकडे जाणारी जुनी रेल्वे तेव्हा नुकतीच बंद झाली होती. रूळ काढून नेले होते आणि मागे गवताची लांबच लांब पट्टी उरली होती, दोन्ही अंगांना झाडी. बाबांना ती फार आवडली. का, तर म्हणाले, "इथे कुणीतरी फार पूर्वी नीट लेव्हल घेतलेली आहे." त्या वाटेवर धनेश दिसत, घोरपडी आडव्या जात, जवळच्या कालव्यात पाणमांजरांचं एक कुटुंब होतं. लोक त्यांचे फोटो काढायला धावत. बाबा बघत उभे राहत आणि म्हणत, "यांना पास लागत नाही." देशातल्या सगळ्यांत उंच डोंगरावर मी त्यांना नेलं. डोंगर दीडशे मीटरच्या जरासा वर आहे आणि माथ्यावर तसा दगड बसवलेला आहे. बाबांनी दगड वाचला. "एवढं लिहून ठेवण्यासारखं नव्हतं," म्हणाले.

ते पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते. धरण बांधलं की पाणी कुठवर येईल ती रेषा जमिनीवर आखायची, हे त्यांचं काम. गावातली माणसं मागेमागे फिरायची. साहेब, आमचं घर आत का बाहेर? बाबा जे असेल ते सांगत. मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला वाईट नाही वाटायचं? ते म्हणाले, "वाटायचं. पण खोटं सांगून काय करणार? पाणी येऊन खरं सांगणारच होतं."

तर आता आमच्या गटाबद्दल. सिंगापुरातल्या मराठी मंडळींचा चालणाऱ्यांचा एक गट होता आणि मी त्यात होतो. पुण्या-मुंबईची आयटीतली आणि बँकांतली माणसं, तरुणपणी सह्याद्रीत चार किल्ले चढलेली आणि त्यानंतर पंधरा वर्षं त्याबद्दल बोलणारी. गटाला अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, खजिनदार होत्या. चालायला इतके पदाधिकारी कशाला लागतात हा प्रश्न मी एकदा विचारला आणि मला कार्यकारिणीवर घेण्यात आलं. अध्यक्ष मोठ्या बँकेत मोठ्या जागेवर होते. घसा साफ केल्याशिवाय त्यांना पाणीसुद्धा मागता येत नसे.

त्या वर्षी अध्यक्षांनी स्कॉटलंडच्या उत्तर भागातल्या डोंगरांत जायचं जाहीर केलं. चौदा माणसं, आठ दिवस, दोन हॉटेलं, एक मिनीबस. याला 'मोहीम' म्हणायचं असं ठरलं. मुख्य कार्यक्रम एका दरीतून वरपर्यंत चालत जायचा होता. त्या दरीचं नाव अध्यक्ष दर बैठकीत वेगळं उच्चारत. आम्हालाही येत नव्हतं, त्यामुळे कुणी हसलं नाही.

सराव म्हणून शनिवारी सकाळी आम्ही क्लेमेंटीतल्या चाळीस मजली इमारतीचे जिने चढायचो, पाठीवरच्या पिशवीत पाच किलो तांदूळ घालून. सतराव्या मजल्यावर एक चिनी आजी दारात कुंड्यांना पाणी घालत असायची. पहिल्या शनिवारी चौदा घामेजलेली माणसं एकामागून एक वर जाताना बघून ती कळवळली.

"लिफ्ट स्पॉइल्ड आह?"

"नो, आंटी. एक्सरसाइज."

"आयो," ती म्हणाली, आणि त्या एका शब्दात आमच्या मोहिमेचं जेवढं अचूक परीक्षण झालं तेवढं नंतर कुठल्याच वृत्तान्तात झालं नाही.

मग इंग्लंडहून दरीचा मोठा नकाशा मागवला, चार सेंटिमीटरला एक किलोमीटर असा. तो बैठकीत उलगडला आणि सगळे त्यावर वाकले. आमच्यात दोन जणांकडे परदेशी विद्यापीठांच्या पदव्या होत्या. नकाशा वाचता कुणालाच येत नव्हता. मी म्हणालो, माझ्या वडिलांना येतो. हे मी अभिमानाने म्हणालो होतो, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

त्यानंतरचे तीन महिने आमचं टेबल त्या नकाशाखाली होतं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. बायको कुरकुरली नाही, कारण बाबा पहिल्यांदाच न विचारता फ्रिज उघडून दूध घेऊ लागले होते.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. ती नकाशाकडे बघून म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट लाइन्स लाह."

बाबांनी उजव्या हाताची मूठ मिटली आणि डाव्या हाताने बॉलपेनने मुठीच्या उंचवट्यांभोवती एकाबाहेर एक अशा गोल रेघा काढल्या. "हे डोंगर. एका रेघेवरची सगळी ठिकाणं एका उंचीवर. कळलं?" मग मूठ उघडून तळहात टेबलावर सपाट ठेवला. हाताच्या पाठीवर रेघा पसरल्या. "आणि हा नकाशा."

मुलीने तो हात धरून पुन्हा मिटायला लावला, पुन्हा उघडायला लावला. कितीतरी वेळ.

बाबा लायब्ररीतून स्कॉटलंडच्या प्राण्यापक्ष्यांवरची पुस्तकं आणत. तांबडी हरणं उन्हाळ्यात वर का जातात, सोनेरी गरुड कड्याच्या कुठल्या अंगाला घरटं करतो, जांभळ्या फुलांच्या त्या खुरट्या झुडपाखाली जमीन कशी स्पंजासारखी भिजलेली असते आणि नकाशावर तिची खूण काय. चावणाऱ्या चिलटांवर एक अख्खं पान टिपण होतं. हे सगळं त्यांनी वहीत उतरवलं, वाटेच्या क्रमाने, आणि त्याची मार्गपुस्तिका झाली. तिची भाषा सरकारी होती. 'येथे डावीकडे ओढा लागेल. ओढ्यात उतरू नये.' पण मधूनच दुसरं काहीतरी डोकावे. एका ठिकाणी होतं, 'येथे दहा मिनिटे थांबावे. प्रवाहातील खडकावर पांढऱ्या छातीचा लहान पक्षी असतो. तो पाण्याखाली चालतो असे पुस्तकात म्हटले आहे. माझा विश्वास बसलेला नाही. बघून सांगावे.'

एका रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. भिंग हातात होतं. "हे बघ. हे चौकोन."

नदीच्या उत्तर काठावर, एका घळीच्या वरच्या अंगाला, तांदळाच्या दाण्याएवढे सहा-सात पोकळ चौकोन होते.

"घरं?"

"पडकी. छप्पर नसलेली. या दरीत गाव होतं. मेंढ्या पाळायला जमीनदारांनी माणसं हाकलली, पुस्तकात आहे सगळं." त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. "आता मला सांग, नकाशात वाट कुठून आहे?"

तुटक रेघ दक्षिण काठाने सपाटीवरून येत होती आणि तीनेक किलोमीटरवर नदीतून पलीकडे जात होती. पूल नव्हता तिथे. नदी पायी ओलांडायची होती.

"ही फिरायला येणाऱ्यांची वाट. गावातली माणसं रोज दुधाची भांडी घेऊन नदीतून जात असतील का? पाऊस पडला की हे पाणी मांडीएवढं होत असणार, वरचा उतार बघ. पूल इथे आहे, सुरुवातीलाच. पुलावरून उत्तर काठाला जायचं आणि ही बघ, इथे रेघा विरळ झाल्यात. म्हणजे डोंगराला पायरी आहे. सरळ घरांपर्यंत जाते. पायवाट याच्यावरून असणार."

"नकाशात दाखवलेली नाही पण."

"नसते." त्यांनी भिंग पुन्हा हातात घेतलं. "मीही नाही दाखवल्या कधी. पायवाटेला रकाना नव्हता. गावं पाण्याखाली गेली त्यांच्या पायवाटा कुठल्याच कागदावर नाहीत." मग एकदम हलक्या आवाजात म्हणाले, "मला यायचंय तुमच्याबरोबर. ही वाट आहे का नाही, एवढं बघायचंय."

बाबांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही.

ते पुढच्या शनिवारपासून जिने चढायला आले. वय एकाहत्तर. पाठीवर तांदूळ. ते सावकाश चढत आणि कुठेही थांबत नसत. आम्ही धावत चढत असू आणि दर पाच मजल्यांवर कठड्याला लटकत असू. तिसऱ्या शनिवारी ते चाळिसाव्या मजल्यावर चौथे पोचले. अध्यक्ष नववे. मला वाटतं तिथेच निकाल लागला. बाबांनी स्वतः ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज भरला, बोटांचे ठसे देऊन आले आणि व्हिसा मिळालासुद्धा.

त्याच आठवड्यात अध्यक्षांनी मला कॉफीला बोलावलं.

"अरे, काकांची काळजी वाटते रे."

"ते ठणठणीत आहेत."

"आहेतच. आदरच आहे. पण उद्या काही झालं, तर चौदा जणांची मोहीम बिघडणार ना? विम्याचंही वय सत्तरपर्यंत आहे." विम्याचं तसं काही नव्हतं, हे मी नंतर कागद वाचून पाहिलं. तेव्हा वाचलं नाही. "तूच सांग त्यांना. मुलाने सांगितलं की वाईट नाही वाटत. किंवा असं करू." अध्यक्षांचा चेहरा उजळला. "आपण त्यांचा सत्कार करू!"

इथे मला एक सांगायचं आहे. आपल्या लोकांत माणसाला दूर सारायचे अनेक प्रकार आहेत. त्यांतला सगळ्यांत सभ्य प्रकार म्हणजे शाल आणि नारळ. एकदा अंगावर शाल पडली की त्या माणसाला पुन्हा काही मागता येत नाही. तो खुर्चीत बसतो, लोक त्याच्याबद्दल बोलतात, आणि बोलून झालं की तो झालेला असतो. हे मला पक्कं माहीत होतं. मी वर्षानुवर्षं त्यावर विनोद करत आलो होतो. तरी मी "चालेल" म्हणालो. एवढंच नाही, गटात जरा बरं लिहिणारा म्हणून मानपत्रही मीच लिहिलं. 'आपण आमच्या मोहिमेचे चक्षू आहात' हे वाक्य माझं आहे. का म्हणालो चालेल? खरं सांगायचं तर आठ दिवस बाबांच्या गोळ्या, त्यांचं जेवण, त्यांचा वेग यांतून सुटका मिळणार होती. यापेक्षा मोठं कारण नाही.

एका कॉन्डो सोसायटीच्या हॉलमध्ये सत्कार झाला. एसी बिघडला होता. बाबांच्या अंगावर लोकरी शाल घातली, त्यांना घाम फुटला, तो फोटोत डोळ्यांतल्या पाण्यासारखा दिसला आणि गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'काका भावुक' म्हणून फिरला. पुस्तिकेचं प्रकाशनही तेव्हाच झालं. मुखपृष्ठावर अध्यक्षांचा फोटो होता आणि खाली 'मार्गदर्शन' म्हणून त्यांचंच नाव. बाबांचं नाव आत 'साहाय्य' या सदरात, टायपिंग करणाऱ्याच्या खाली. टायपिंग मी केलं होतं.

घरी आल्यावर बाबांनी शाल घडी करून ठेवली. "म्हणजे मी येत नाहीये," ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

"बाबा, विम्याचं…"

"असू दे. तू जातोयस ना? मग तू बघ. पुलावरून उत्तर काठाला जा, पायरीवर चढ आणि वाट आहे का ते बघून मला सांग. नसली तर नाही सांग. मला चालेल."

आम्ही ऑगस्टअखेर गेलो. दरी नकाशात होती तशीच होती, आणि याचं मला इतकं नवल वाटलं की सुरुवातीचा तासभर मी नुसता बाबांच्या रेघा ओळखत होतो. इथे उतार तुटतो, इथे दलदल, इथे बर्च झाडांचा पट्टा. डोंगर काळसर जांभळे, माथे ढगात. तीन हरणं दूरवर उभी राहून आमच्याकडे बघत होती. आदल्या रात्रभर पाऊस झाला होता.

पुलापाशी मी पुस्तिका काढली. "पाऊस झालाय. इथून पलीकडे जायचं लिहिलंय."

अध्यक्षांनी हातातला फोन दाखवला. "यात वाट या काठाने आहे, नकाशातही या काठाने आहे. काकांनी तिकडची वाट कुठून काढली?"

"रेघांवरून."

"म्हणजे अंदाजाने. अरे, चौदा माणसांना अंदाजावर कसं न्यायचं?" आणि मग सगळ्यांकडे वळून, "शिवाय नदी पार करतानाचा व्हिडिओ घ्यायचाय आपल्याला. गटाच्या बॅनरसह."

कुणीतरी हसलं. मीही हसलो असेन.

तीन किलोमीटरवर नदी तपकिरी होती, वर फेस, आणि खाली दगड गडगडत असल्याचा आवाज येत होता. बॅनरचं एक टोक धरून अध्यक्ष गुडघाभर पाण्यात उभे होते आणि उपाध्यक्ष चित्रण करत होते. बॅनरचं दुसरं टोक खजिनदार बाईंच्या हातात होतं. त्या घसरल्या, आणि बॅनर सोडू नका असं कुणीतरी ओरडलं म्हणून त्यांनी तो सोडला नाही. त्यामुळे एकच हात टेकला. मनगट मोडलं. आम्ही त्यांना ओढून काढलं, हाताला बॅनरच गुंडाळला, आणि मोहीम पुलापाशी परत आली.

मिनीबस यायला दोन तास होते. बाईंजवळ दहाबारा माणसं होती, त्यांतली एक डॉक्टर. माझा तिथे काही उपयोग नव्हता. मी पाण्याच्या कडेला जरा लांब जाऊन बसलो. समोर उत्तर काठावर वर डोंगराच्या अंगावर एक फिकट आडवी रेष दिसली. पायवाट असेल, मेंढ्यांची असेल, नुसती सावलीही असेल. पूल ओलांडून वर चढलो असतो तर दोन तासांत कळलं असतं. बूट ओले होते. मी बसून राहिलो.

तेवढ्यात खडकावर एक काळा, पांढऱ्या छातीचा पक्षी येऊन बसला. दोनदा गुडघे मोडल्यासारखा लवला आणि सरळ पाण्यात चालत गेला. उडी नाही, सूर नाही, जिना उतरावा तसा. पाण्याखाली तो पावलं टाकताना मला स्पष्ट दिसला. मग पलीकडे वर आला, कोरडाच.

पुढे एक दिवस मोकळा होता. कुणी कुठेही जावं असा. मी त्या दिवशी बायकोसाठी लोकरीचा स्कार्फ घेतला आणि हॉटेलात बसून सूप प्यायलो.

घरी पोचलो तर दारातच बाबा. बॅग अजून माझ्या हातात.

"होती का?"

मी "होती" म्हणालो. ठरवून नाही, त्यांचा चेहराच तसा होता. आणि एकदा म्हणाल्यावर रंग भरणं सोपं असतं. दगड बसवलेले आहेत, मध्ये गवत वाढलंय, घरांच्या भिंती कमरेएवढ्या उरल्यात.

बाबा ऐकत होते. "पुलापासून घरांपर्यंत किती वेळ लागला?"

"अर्धा तास. थोडं जास्त."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "साडेतीन किलोमीटर," ते म्हणाले. "दोनशे मीटर चढ. वाट ओली. चौदा माणसं. अर्ध्या तासात तिथे हरीण जातं, तेही मध्ये चरलं नाही तर." मग, "तुम्ही गेला नाहीत तिकडे."

मी सगळं सांगितलं. बॅनर, नदी, मनगट, मोकळा दिवससुद्धा. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त खजिनदार बाईंचा हात कसा आहे ते विचारलं. मी म्हणालो, "बाबा, तो पक्षी मात्र मी खरंच पाहिला. खरंच चालतो पाण्याखाली."

"असेल," बाबा म्हणाले.

माझ्या तोंडून तेव्हा निघालेली ती एकच खरी गोष्ट होती, आणि तिचं असं झालं.

महिन्याभराने अनुभवकथनाचा कार्यक्रम होता. रविवारी सकाळी, तोच हॉल, आता एसी चालू. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. सकाळी निघताना मी बाबांना म्हणालो, "आज मी सांगणार आहे सगळ्यांना. तुमच्या पुस्तिकेत काय लिहिलं होतं आणि आम्ही काय केलं."

"बघ," बाबा म्हणाले. पण त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

दीडशे स्लाइड्स होत्या. त्यांतल्या नव्वदांत अध्यक्ष होते आणि त्यांच्या मागे, जिथे मावेल तिथे, स्कॉटलंड. नदीचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी घसा साफ केला.

"मित्रहो, इथे निसर्गाने आमची परीक्षा घेतली. काही ठिकाणी मार्गपुस्तिका अपुरी पडली, हे प्रांजळपणे सांगायला हवं. आपल्या काकांनी वयोमानानुसार उत्तम प्रयत्न केला." दुसऱ्या रांगेकडे हात. "पण टेबलावरचा नकाशा वेगळा आणि प्रत्यक्ष भूमी वेगळी, हा धडा आम्हाला मिळाला."

लोक हसले. वाईट हेतूने नाही. म्हाताऱ्या माणसाकडे बघून हसतात तसे, मायेने. ते जास्त वाईट होतं. बाबा समोर बघत होते. खजिनदार बाई प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. हॉलमधल्या चौदा जणांना माहीत होतं.

मग माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेलो. माझ्यावर कुणाचं दडपण नव्हतं. अध्यक्ष माझे साहेब नव्हते, माझा पास त्यांच्या हातात नव्हता, त्यांनी गटातून काढलं असतं तर माझे शनिवार सुटले असते. बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, पुढे झुकून, लेव्हल घेताना दुर्बिणीला डोळा लावत तसे.

हॉलच्या मागच्या दारातून बटाटेवड्यांचे ट्रे आत येत होते. लोक चुळबुळायला लागले होते. मी कागद उघडला आणि वाचला. हॉलचे आभार, ध्वनिव्यवस्थेचे, अध्यक्षांच्या समर्थ नेतृत्वाचे, उपाध्यक्षांच्या चित्रणाचे, वडे करणाऱ्या वहिनींचे. शेवटी, "आणि मार्गपुस्तिकेसाठी काकांचे." माझ्या वडिलांना मी काका म्हणालो. कागदावर तसंच लिहिलेलं होतं.

टाळ्या झाल्या. बाबांनीही वाजवल्या.

परतताना आम्ही दोघेच बसमध्ये होतो. बायको मुलीला घेऊन तिच्या मैत्रिणीकडे गेली होती. चार स्टॉप गेले. मग मी म्हणालो, "बाबा, मी बोलणार होतो. पण ती वेळच…"

"बोलला असतास तर वडे गार झाले असते," बाबा म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता. ते खिडकीबाहेर बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "गावातले लोक विचारायचे ना, आत का बाहेर. माझ्याबरोबर एक ओव्हरसियर असायचा. तो सगळ्यांना 'बाहेर' सांगायचा. लोकांना तो फार आवडायचा. घरी बोलावून जेवायला घालायचे त्याला."

"मग?"

"मग काही नाही. पाणी यायच्या आत त्याची बदली झाली."

पुढच्या स्टॉपच्या आधी त्यांनी बेल दाबली. आमचा स्टॉप अजून दोन पुढे होता.

"इथे कुठे?"

"चालत येतो."

"ऊन आहे, बाबा. मी पण येतो."

"कशाला," ते म्हणाले. "तू बस."

दार उघडलं. ते दांड्याला धरून, एकेक पायरी बघत खाली उतरले आणि मागे न बघता चालायला लागले. बस सुटेपर्यंत दार बराच वेळ उघडं होतं. मी बसून राहिलो.